शोधजाहिरात : स्थानिक व राष्ट्रव्यापी लक्ष्यक्षेत्र

आंतरजालावरील शोधयंत्राला एखादा शब्द वा शब्दसमूह पुरविला असता शोधाच्या फलितांबरोबर, त्या शब्दाशी संबंधित अशी जी मोबदला देऊन लावलेली जाहिरात दिसते, तिला शोधजाहिरात म्हणतात. ही जाहिरात कोणत्या प्रदेशातील व्यक्तींना दाखवावी, हे जाहिरातदार आगाऊ ठरवून देऊ शकतो. अशा रीतीने निश्चित केलेला प्रदेश म्हणजे त्या जाहिरातीचे लक्ष्यक्षेत्र होय. हे क्षेत्र एखादे शहर, काही पिनकोड, एक जिल्हा किंवा एखाद्या स्थळाभोवतालचे ठराविक त्रिज्येचे वर्तुळ एवढेच असल्यास जाहिरात स्थानिक समजली जाते. संपूर्ण देश हे लक्ष्यक्षेत्र असल्यास ती राष्ट्रव्यापी ठरते. या दोहोंतील निवड वरवर तांत्रिक दिसली, तरी लहान व्यावसायिकाचा पैसा सत्कारणी लागतो की वाया जातो, हे बऱ्याच अंशी तीवरच अवलंबून असते. नागपूरसारख्या महानगरालगत असलेल्या, मुख्यत्वे शेतीप्रधान, तथापि देशभर मागणी असलेल्या काही वस्तू व स्थळे लाभलेल्या वर्धा जिल्ह्याच्या उदाहरणावरून या निवडीची सर्व अंगे स्पष्ट होतात.

पूर्वपीठिका : जाहिरात कोठवर पोहोचवावी, हा प्रश्न आंतरजालापूर्वीचा आहे. वृत्तपत्राच्या जाहिरातीचे क्षेत्र त्याच्या आवृत्तीच्या खपावरून ठरे. नागपूरहून निघणाऱ्या दैनिकांतून वर्ध्याच्या व्यापाऱ्याने दिलेली जाहिरात जिल्ह्याबाहेरील असंख्य वाचकांपुढेही जाई आणि त्या वाचकांचाही मोबदला त्यास भरावा लागे. जिल्हावार पुरवण्या निघू लागल्यावर ही अडचण काहीशी कमी झाली. आकाशवाणीच्या विविध भारती सेवेवर १९६७ मध्ये मुंबई, नागपूर व पुणे या केंद्रांवरून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. तेथेही प्रक्षेपकाचा पल्ला हीच जाहिरातीची सीमा होती. या सर्व माध्यमांत क्षेत्र माध्यमाच्या स्वरूपावरून ठरे आणि वाचकाला वा श्रोत्याला त्या क्षणी काय हवे आहे, हे जाहिरातदारास अज्ञात असे [→ जाहिरात]. शोधजाहिरातीने दोन्ही गोष्टी पालटल्या. व्यक्तीची गरज तिने विचारलेल्या शब्दांतूनच कळू लागली व क्षेत्राची निवड जाहिरातदाराच्या हाती आली.

शोधफलितांतील स्थानासाठी बोली लावण्याची व केवळ प्रत्यक्ष टिचकीमागे (क्लिकमागे) पैसे आकारण्याची पद्धत अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या शोधयंत्राने १९९८ मध्ये रूढ केली. गूगल कंपनीने ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातसेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली. २००२ मध्ये तिने टिचकीगणिक आकारणीची लिलावपद्धती स्वीकारली. २०१८ पासून ही सेवा ‘गूगल ॲड्स’ या नावाने ओळखली जाते.

कार्यपद्धती : जाहिरातदार प्रथम काही शोधशब्द निवडतो, प्रत्येक टिचकीसाठी जास्तीत जास्त किती रक्कम देण्याची तयारी आहे ते नमूद करतो, दैनंदिन खर्चाची मर्यादा घालतो आणि लक्ष्यक्षेत्र कळवितो. एखाद्याने संबंधित शब्द शोधताच, त्या व्यक्तीचे स्थान ज्यांच्या लक्ष्यक्षेत्रात येते अशा जाहिरातदारांमध्ये निमिषार्धात लिलाव होतो. या लिलावात केवळ मोठी बोली निर्णायक नसते. जाहिरातीची शोधशब्दाशी संगती, तीवर टिचकी पडण्याची संभाव्यता आणि तिच्यामागील संकेतस्थळाची उपयुक्तता यांचाही हिशेब केला जातो. त्यामुळे बोली कमी असूनही अधिक समर्पक जाहिरात वरचे स्थान मिळवू शकते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लक्ष्यक्षेत्र स्थानिक ठेवल्याने राष्ट्रव्यापी जाहिरातदारांशी होणारी स्पर्धा टळते, असे नाही. संपूर्ण भारत हे ज्याचे लक्ष्यक्षेत्र आहे, तो वर्ध्यातील लिलावातही हजर असतोच. वर्ध्यातील पुस्तकविक्रेत्याला वर्ध्यातही देशभर माल धाडणाऱ्या मोठ्या दुकानांशी सामना करावा लागतो. स्थानिक क्षेत्रामुळे मिळणारा लाभ वेगळा आहे : मर्यादित रक्कम उपयोगी ग्राहकांवरच खर्च होते आणि जाहिरातीत गावाचे, पेठेचे वा रस्त्याचे नाव घालून ती अधिक समर्पक करता येते.

स्थाननिश्चिती : शोध घेणाऱ्याचे स्थान शोधयंत्र अनेक खुणांवरून ताडते. भ्रमणध्वनीतील उपग्रहाधारित स्थाननिर्धारण, जवळचे मनोरे व वाय-फाय जाळी यांवरून ते पुष्कळ अचूकपणे कळते. मात्र त्यासाठी वापरणाऱ्याची अनुमती लागते. अशी माहिती नसल्यास आंतरजाल-जोडणीच्या आयपी पत्त्यावरून अंदाज बांधला जातो. हा अंदाज ढोबळ असतो. सेवादात्या कंपनीची यंत्रणा मोठ्या शहरात असल्यास गावातील व्यक्ती त्या शहरात असल्याचे भासू शकते. परिणामी सेलू किंवा समुद्रपूरचा ग्राहक नागपूरचा गणला जाण्याचा संभव असतो. स्थानिक लक्ष्यक्षेत्र जितके लहान, तितका या चुकीचा परिणाम मोठा.

याहून महत्त्वाचा भेद म्हणजे व्यक्तीचे वास्तव्य व तिचे स्वारस्य यांतील होय. पुण्यात नोकरी करणारा मुलगा वर्ध्यातील आईवडिलांसाठी ‘वर्धा दंतवैद्य’ असे शोधतो, तेव्हा त्याचे वास्तव्य पुण्यात, पण स्वारस्य वर्ध्यात असते. गूगलच्या सेवेत दोन पर्याय उपलब्ध आहेत : लक्ष्यक्षेत्रात असणारे वा नेहमी येणारे लोक एवढेच निवडणे, किंवा त्यांच्या जोडीस त्या क्षेत्राविषयी स्वारस्य दाखविणाऱ्या बाहेरच्या लोकांनाही घेणे. जाहिरातदाराने स्वत: बदल न केल्यास दुसरा पर्याय लागू होतो. दंतवैद्याला तो हितकारक ठरेल. परंतु दुपारचे डबे पोहोचविणाऱ्यास वर्ध्याविषयी नुसते कुतूहल असलेल्या दूरच्या व्यक्तीच्या टिचकीचा उपयोग नाही. अनेक लहान जाहिरातदारांना आपल्या ‘स्थानिक’ जाहिरातीवर परप्रांतांतून टिचक्या आल्याचे पाहून जे आश्चर्य वाटते, त्याचे कारण बहुधा या पर्यायात दडलेले असते.

स्थानिक लक्ष्यक्षेत्राचे गणित : वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ६,३१० चौ. किमी. व लोकसंख्या १३,००,७७४ (२०११) असून त्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर हे आठ तालुके आहेत. त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी व भारताची सु. १२१ कोटी होती. म्हणजे भारतातील सु. ९३० व्यक्तींमागे एक आणि महाराष्ट्रातील सु. ८६ व्यक्तींमागे एक वर्धा जिल्ह्यातील होती. शोध लोकसंख्येच्याच प्रमाणात होतात असे क्षणभर मानू. दररोज ३०० रुपये खर्च करणाऱ्या, वर्ध्यातील एका काल्पनिक शिकवणीवर्गाला दर टिचकीस ६ रुपये पडतात असे धरल्यास, त्यास दिवसाकाठी ५० टिचक्या मिळतील. लक्ष्यक्षेत्र संपूर्ण भारत ठेवल्यास जिल्ह्यातून एक टिचकी येण्यास सु. १९ दिवस लागतील व तीपायी सु. ५,५८० रुपये खर्ची पडतील. लक्ष्यक्षेत्र महाराष्ट्र ठेवल्यास हाच खर्च सु. ५१६ रुपये होईल. जिल्ह्यापुरते क्षेत्र मर्यादित केल्यास तो ६ रुपयेच राहील. प्रत्यक्षात दर स्थळानुसार बदलतात, तरी प्रमाणाचा हा बोध बदलत नाही.

तथापि क्षेत्र आकुंचित करण्यालाही मर्यादा आहे. ज्या शब्दाचा शोध फारच क्वचित घेतला जातो, त्यावरील जाहिरात गूगलची यंत्रणा शोध वाढेपर्यंत निष्क्रिय ठेवते. वर्धा व हिंगणघाट ही जिल्ह्यातील दोन शहरे प्रत्येकी एक लाखाहून किंचित अधिक लोकसंख्येची (२०११) आहेत. अशा शहरात एखाद्या विशेष सेवेचा शोध दिवसाला जेमतेम दोन-चार जण घेत असतील, तर तेथे बोली वाढवूनही ग्राहक वाढत नाहीत. कारण ते मुळातच तेवढे असतात.

वर्तुळाच्या रूपाने क्षेत्र ठरवितानाही भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. वर्धा शहरापासून हिंगणघाट सरळ रेषेत सु. ३५ किमी. आहे, पण जिल्ह्यातीलच आष्टी सु. ६५ ते ७० किमी. दूर असून जवळजवळ तितक्याच अंतरावर नागपूर व यवतमाळ ही शहरेही येतात. आष्टी सामावण्यासाठी वर्तुळ वाढविले, की २४ लाखांवर लोकसंख्येचे (२०११) नागपूर शहर त्यात शिरू लागते. संपूर्ण जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट लोकवस्तीचे हे शहर वर्ध्याच्या दुकानदाराची दिवसाची रक्कम सकाळीच संपवू शकते. यावर दोन उपाय आहेत : एक, वर्तुळाऐवजी वर्धा (४४२००१), आर्वी (४४२२०१), हिंगणघाट (४४२३०१) यांसारखे पिनकोड एकेक करून निवडणे, दुसरा, वर्तुळ ठेवून नको असलेली शहरे त्यातून वगळणे.

याउलट जिल्ह्याची सीमा हीच बाजारपेठेची सीमा मानणेही चुकीचे ठरते. पुलगावच्या बाजारपेठेस वर्धा नदीपलीकडील, अमरावती जिल्ह्यातील धामणगाव हे आष्टी वा समुद्रपूर यांपेक्षा कितीतरी जवळचे आहे. सेवाग्राम व सावंगी येथील मोठ्या रुग्णालयांकडे विदर्भातील अन्य जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. जिल्ह्याची सीमा प्रशासनाच्या सोयीची असते. ग्राहक रस्ता, रेल्वे व सवय यांनुसार फिरतो.

स्थलनामांची संदिग्धता : शोधशब्दांत गावाचे नाव घातल्याने जाहिरात आपोआप स्थानिक होते, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. ‘वर्धा’ हे शहराचे, जिल्ह्याचे व नदीचेही नाव आहे. आष्टी हे तालुक्याचे ठिकाण बीड जिल्ह्यातही आहे; कारंजा वाशिम जिल्ह्यात व सेलू परभणी जिल्ह्यात आहे. म्हणूनच व्यवहारात कारंजा (घाडगे) व कारंजा (लाड) असा भेद केला जातो. वर्धा जिल्ह्यातच वायगाव (निपाणी) व वायगाव (हळद्या) अशी दोन गावे आहेत. ‘आर्वी’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला असता अळूच्या कंदाच्या ‘अरवी’ या हिंदी नावाशी एकरूप होतो. त्यामुळे ‘आर्वी’ या शब्दावर देशभर जाहिरात लावणाऱ्यास पाककृती शोधणाऱ्या गृहिणींच्या टिचक्यांचे पैसे मोजावे लागतील. नकोसे शब्द आधीच वगळून ठेवण्याची सोय अशा वेळी उपयोगी पडते.

भाषेचीही अशीच गुंतागुंत आहे. वर्धा जिल्ह्यातील व्यक्ती एकाच वस्तूचा शोध देवनागरी मराठीत, रोमन लिपीतील मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत घेते. भ्रमणध्वनीची भाषा इंग्रजी ठेवून मराठीतून शोध घेणारेही पुष्कळ असतात. म्हणून स्थानिक जाहिरात एकाच भाषेपुरती मर्यादित ठेवल्यास क्षेत्र बरोबर असूनही ग्राहक निसटतात.

राष्ट्रव्यापी लक्ष्यक्षेत्र : काही वस्तूंचा ग्राहक विखुरलेला असतो. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाळलेली हळद टिकाऊ असून टपालाने वा वाहतूक सेवेने कोठेही पाठविता येते. तिच्या नावाने शोध घेणारे मात्र कोणत्याही एका जिल्ह्यात मोठ्या संख्येने आढळणार नाहीत. तिच्यासाठी देशव्यापी क्षेत्र योग्य ठरते. पण नुसत्या ‘हळद’ या शब्दावर देशभर बोली लावल्यास मोठ्या मसालाकंपन्यांशी स्पर्धा करावी लागते, शिवाय हळदीचे गुणधर्म वा बाजारभाव शोधणाऱ्यांचाही भार पडतो. ‘वायगाव हळद’ या नेमक्या शब्दांचे शोध थोडे असले, तरी ते देशभरातून मिळून उपयुक्त संख्या गाठू शकतात. हातसुताची खादी आणि गाईच्या तुपातील वर्ध्याचा प्रसिद्ध गोरसपाक यांनाही हेच लागू पडते. मूळचे वर्ध्याचे, पण नोकरीनिमित्त अन्यत्र स्थायिक झालेले लोक हे गोरसपाकाचे स्वाभाविक गिऱ्हाईक होत. आर्वी, आष्टी व कारंजा भागांतील संत्र्यांची स्थिती याहून निराळी आहे. फळ नाशवंत व वजनदार असल्याने किरकोळ विक्रीचे क्षेत्र वाहतुकीच्या वेळेने व खर्चाने आखले जाते.

प्रवासी व्यवसायात तर स्थान आणि ग्राहक यांची पूर्ण फारकत होते. महात्मा गांधींचे १९३६ पासूनचे निवासस्थान असलेला सेवाग्राम आश्रम, विनोबा भावे यांचा पवनार येथील आश्रम आणि २०१४ मध्ये घोषित झालेला बोर व्याघ्र प्रकल्प पाहण्यास येणारा प्रवासी निवासाचा शोध मुंबई, दिल्ली वा बंगलोर येथे बसून घेतो. निवासगृहाने आपली जाहिरात वर्धा जिल्ह्यापुरती ठेवल्यास ती मुख्यत: अशा लोकांना दिसेल, की ज्यांचे घरच तेथे आहे.

निवडीची तत्त्वे : वरील उदाहरणांवरून असे दिसते, की लक्ष्यक्षेत्र विक्रेता कोठे आहे यावरून न ठरविता, शोध घेण्याच्या क्षणी ग्राहक कोठे असतो यावरून ठरवावे. वस्तू ग्राहकाकडे जाऊ शकते, की ग्राहकाला वस्तूकडे यावे लागते आणि तो किती दुरून येण्यास तयार आहे, हे प्रश्न त्यासाठी निर्णायक ठरतात. दुसरे तत्त्व क्षेत्र व शब्द यांच्या परस्परसंबंधाचे आहे : क्षेत्र लहान असेल, तर शब्द सर्वसाधारण चालतात, क्षेत्र मोठे असेल, तर शब्द नेमके असावे लागतात. ‘शिकवणी’, ‘ट्रॅक्टर दुरुस्ती’, ‘मंगल कार्यालय’ हे शब्द वर्ध्यापुरते फलदायी, तर देशभर विनाशक ठरतात. क्षेत्र मोठे आणि शब्दही सर्वसाधारण हे दोन्ही एकदम परवडणे केवळ मोठ्या भांडवलाच्या संस्थांनाच शक्य असते. उलटपक्षी क्षेत्र लहान व शब्दही अतिनेमके ठेवल्यास जाहिरात कोणासच दिसत नाही.

बहुतेक व्यवसायांत दोन्ही प्रकारचे ग्राहक असतात. अशा वेळी एकाच जाहिरातीचे क्षेत्र ताणण्यापेक्षा दोन स्वतंत्र जाहिराती, स्वतंत्र शब्द व स्वतंत्र खर्चमर्यादा ठेवणे श्रेयस्कर असते. यशाचे मोजमापही टिचक्यांच्या संख्येवरून न करता, कोणत्या ठिकाणाहून किती चौकशा व प्रत्यक्ष खरेदी झाली यावरून करावे. याशिवाय दुकानाचा पत्ता, वेळ व दूरध्वनी नकाशासेवेत विनामूल्य नोंदविता येतो. अनेक लहान दुकानांना जाहिरातीपूर्वी हीच नोंद अधिक उपयोगी पडते.

विधिविषयक बंधने : जाहिरात स्थानिक असो वा राष्ट्रव्यापी, ती भारतीय कायद्यांच्या कक्षेत येते. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींना १९९४ च्या अधिनियमाने मनाई आहे. गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी अशा जाहिराती शोधयंत्रांवर येऊ देऊ नयेत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेवर २०१६ व २०१७ मध्ये आदेश दिले. भौगोलिक मानांकन लाभलेल्या मालाचे नाव अन्यत्रच्या मालाला लावणे हा १९९९ च्या अधिनियमान्वये उल्लंघनाचा प्रकार ठरतो. व्यक्तीच्या स्थानासंबंधीची माहिती वापरण्याच्या बाबतीत डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ महत्त्वाचा आहे.

आर्थिक व सामाजिक अंगे : बाजारपेठ जवळची असावी की दूरची, या प्रश्नाचा वर्ध्यात फार पूर्वीच विचार झाला आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यातील मगनवाडी येथे होते व जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. तेथील मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन महात्मा गांधींच्या हस्ते १९३८ मध्ये झाले. गरजेच्या वस्तू शक्यतो परिसरातच निर्माण व्हाव्यात व तेथेच खपाव्यात, अशी या विचारसरणीची भूमिका होती. त्याच वेळी खादी मात्र देशभरातील भांडारांतून विकली जात होती. म्हणजे शेजाऱ्याची गरज व दूरच्या ग्राहकाची आस्था असे दोन निरनिराळे आधार तेव्हाही वेगळे ओळखले गेले होते.

शोधजाहिरातीमुळे दूरचा ग्राहक गाठणे लहान उत्पादकालाही शक्य झाले. पण त्यासाठीचा प्रत्येक रुपया जिल्ह्याबाहेरील, किंबहुना परदेशी मूळ असलेल्या कंपनीकडे जातो. अशा रकमांवर भारत शासनाने २०१६ मध्ये ६ टक्के समकरण आकार बसविला होता. तो १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. पूर्वी जाहिरातीचा पैसा निदान नागपूरच्या वृत्तपत्राकडे जाई व त्यातून जिल्ह्याच्या बातम्यांचाही खर्च भागे. आता गावातीलच ग्राहकाला गावातील दुकान दाखविण्यासाठी दूरच्या लिलावात बोली लावावी लागते. या व्यवहारात लहान व्यावसायिकाच्या हाती उरलेले प्रमुख साधन म्हणजे क्षेत्राची व शब्दांची विचारपूर्वक निवड हेच होय. आपला ग्राहक नेमका कोठे आहे, ही माहिती त्याला कोणत्याही यंत्राहून अधिक असते आणि लक्ष्यक्षेत्र ठरविताना तीच सर्वांत मोलाची ठरते.